खुर्चीवर बसलेल्याची परवानगी

१

रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. सिंगापूर, तोआ पायो भागातली एक इमारत, चौथा मजला, भाड्याची खोली. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. दाराची किल्ली एकच, ती अरलीन पामारेसच्या गळ्यातल्या दोरीला.

तिने लॅपटॉपवर ‘जोडा’ दाबलं आणि सवयीने आकडे मोजायला लागली.

समुद्रापलीकडे मायदेशी, इलोइलोत, तिच्या घरच्या बैठकीच्या खोलीत, कॉम्प्युटरवर आता एक चौकट उघडली असणार. अरलीन आत येऊ पाहते आहे, येऊ द्यायचं का? खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नाही’. टिंग असा आवाज झाला की तिचे वडील तेओफिलो परसातून उठणार. कोंबड्यांना हाकलत, गुडघ्यांना शिव्या देत पायरी चढणार, स्वयंपाकघर ओलांडणार, खुर्चीवरची गादी उचलून बाजूला ठेवणार, चष्मा शोधणार आणि मग ‘होय’ दाबणार. ह्या सगळ्याला चाळीस आकडे लागायचे. कधी अडतीस, कधी पंचेचाळीस.

आज ‘दोन’ म्हणायच्या आत ‘होय’ आलं.

पडद्यावर घरचा कॉम्प्युटर उघडला. त्याबरोबर तिथल्या खोलीचा आवाजही आला. छताचा पंखा दर फेऱ्याला कट् करत होता, बाहेरून एक रिक्षा गेली.

“ताताय?” अरलीनने वडिलांना हाक मारली.

उत्तर नाही. पंखा कट् करत राहिला. बऱ्याच वेळाने लांबून चपलांचा फटफट आवाज आला.

“कोण? इंदाय, पोरी, तू आलीस होय?” वडील धापा टाकत म्हणाले. “टिंग ऐकलं तेव्हा हातात दाण्यांचं भांडं होतं. येतो तर हा आधीच उघडलेला.”

“तो आपोआप उघडत नाही, ताताय. तुम्हाला दाबावं लागतं.”

“मग तूच काही खुट्ट केलं असशील. चाळीस वर्षं मी रेडिओ उघडले. झाकण काढलं की दोष दिसायचा. ह्या डब्यात दोष दिसत नाही, नुसता प्रश्न विचारतो.” ते हसले. “पण बरं झालं. गुडघे वाचले.”

अरलीनही हसली. कॉम्प्युटर अडकला असेल, आधीचं ‘होय’ त्याने धरून ठेवलं असेल. यंत्रं असं करतात.

२

परवानगीचा हा नियम तिनेच घालून दिला होता, आणि त्याला कारण होतं.

गेल्या वर्षी एका दुपारी तिच्या आईला, मर्सीला, फोन आला होता. बोलणारा गोड होता. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, मी सांगतो ती बटणं दाबा. मर्सीने दाबली. मग माऊसला हात न लावता पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागला. चर्चच्या गायनवृंदातल्या पासष्ट माणसांना मर्सीच्या नावाने रडवेली पत्रं गेली. आपण दवाखान्यात आहोत, मदत पाठवा. मर्सी खुर्चीत बसून ते बघत राहिली. प्लग काढायचं तिला सुचलं नाही.

तक्रार झाली. तक्रारीला क्रमांक मिळाला. क्रमांकाला उत्तर मिळालं नाही. अरलीन परदेशातून फोन करायची, आणि दर खेपेला नवा हवालदार तोच प्रश्न विचारायचा. “पण बटणं त्यांनी स्वतःच दाबली ना?” जणू घरफोडी झालेल्या माणसाला घराला दार का होतं असं विचारावं. मर्सीने कॅमेऱ्यावर बँडेजची पट्टी चिकटवली आणि गायनाला जायचं सोडलं. चार महिन्यांनी ती गेली. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे.

अरलीनला जाता आलं नाही. कामाचा परवाना नूतनीकरणात होता आणि पासपोर्ट नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या कपाटात. ज्या दातांच्या दवाखान्यात ती काउंटर सांभाळायची, तिथला व्यवस्थापक म्हणाला, “आजकाल फोनवर दिसतं ना सगळं?”

दिसलं. दफनाआधी तीन दिवस नातलग पेटीपाशी जागतात, त्यासाठी शवगृहाच्या दिवाणखान्यात कुणीतरी तिपाईवर फोन ठेवला होता. अरलीन खोलीचं दार लावून तीन दिवस लॅपटॉपपुढे बसली. उजवीकडे आईची शवपेटी, फुलं, पत्ते खेळणारी आतेभावंडं, बिस्किटांचे डबे. डावीकडे, फोन जरा तिरका ठेवल्यामुळे, कापडी पडद्यामागची दुसरी एक पेटी अर्धी दिसायची. तिच्याजवळ फूल नव्हतं, मेणबत्ती नव्हती, माणूस नव्हता. बेवारस असेल. तीन दिवस अरलीनच्या डोळ्यांपुढे दोन्ही पेट्या होत्या.

दरम्यान वडील अंघोळीला घरी आले, तेव्हा तिने त्यांना फोनवर सांगून सांगून हा प्रोग्रॅम टाकून घेतला होता. म्हातारा आता एकटा राहणार. पुन्हा कुणा गोड बोलणाऱ्याचा फोन आला तर मुलीने लांबून बघायला हवं. तिने सगळे बंदोबस्त केले. कायमचा पासवर्ड ठेवलाच नाही, चोर तोच हुडकतात. फक्त तिचा एक लॅपटॉप मान्य. प्रत्येक वेळी समोर बसलेल्या माणसाने ‘होय’ म्हटलं तरच आत. प्रोग्रॅम काढायचा झाला तरी समोरच्याची संमती. हेच नियम तिने आपल्या लॅपटॉपलाही लावले.

“आणि ताताय, संकट आलं तर उलटही येता येतं. हे बटण. माझ्या लॅपटॉपवर टिंग होईल.”

“तुझ्या खोलीत येऊन मी काय करू? भांडी घासू?”

तिसऱ्या दिवशी दफनाच्या प्रार्थनेसाठी आईचा चांगला फोटो हवा होता. तो घरच्या कॉम्प्युटरवर होता. वडील दिवाणखान्यातून निघाले, तासाभराने घरी पोचल्याचा त्यांचा फोन आला. “सगळ्यांबरोबर बेकरीत थांबलो. पाव खाल्ला. आता बोल, काय दाबू?” अरलीनने लॅपटॉपवरची दिवाणखान्याची खिडकी बंद केली आणि त्याच मिनिटाला घराची उघडली. चाळीसाव्या आकड्याला ‘होय’ आलं. सगळं व्यवस्थित झालं. फोटो मिळाला.

३

दोन रविवार झाले. दोन्ही वेळा ‘होय’ एका आकड्यात आलं.

तिसऱ्या वेळी तिने विचारलं, “ताताय, आज कुठे होतात?”

“इथेच. खुर्चीवर. तुझीच वाट बघत होतो.”

पण त्यांच्या आवाजामागे कोंबड्या होत्या, अगदी जवळ. आणि त्यांचा आवाज कॉम्प्युटरमधून येत नव्हता. तो कानाला लावलेल्या फोनमधून येत होता. कॉम्प्युटरमधून फक्त पंखा येत होता, आणि पंख्याच्या दोन कट्च्या मध्ये वेताच्या खुर्चीची बारीक कुरकुर. माणूस कंटाळून एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होतो तशी.

“ताताय, खुर्ची का वाजते आहे?”

फोनमध्ये दाणे फेकल्याचा आवाज आला.

“तुम्ही परसात आहात.”

“ऊन चांगलं आहे,” वडील म्हणाले. “आणि हे बघ, कोंबड्यांना सोडून आत जाता येत नाही. त्या हल्ली पायरी चढत नाहीत.”

“म्हणजे?”

“पूर्वी बैठकीपर्यंत यायच्या. तुझी आई झाडू घेऊन मागे लागायची. आता पायरीशी येतात, मान वाकडी करून आत बघतात आणि परततात.” मग आवाज हलका करून म्हणाले, “दाणे टाकायची तीच ना. आत ती असती तर घाबरल्या नसत्या. म्हणून मला कळलं.”

“काय कळलं?”

“जेवलीस का तू?”

४

चोर परतला, असं अरलीनने ठरवलं. ठरवावंच लागलं. जो एकदा आत शिरला तो पुन्हा शिरणार, यात गूढ काय? तिने आठवडाभर रात्रपाळी केल्यासारखं काम केलं. घरचे सगळे पासवर्ड बदलले, राउटरचा बदलला, वडिलांकडून कॉम्प्युटर धुवून काढावा तसा पुसून घेतला, प्रोग्रॅम नव्याने टाकला. रविवारी ‘होय’ एका आकड्यात आलं.

तिने प्रोग्रॅमच्या कंपनीला लिहिलं. मदतनीसाने अर्ध्या तासाने उत्तर टाइप केलं.

“मॅडम, तपासलं. बाहेरून कुणी शिरलेलं नाही. प्रत्येक वेळी यंत्रासमोर हजर व्यक्तीने कीबोर्डवरून परवानगी दिली आहे.”

“माझे वडील कीबोर्डला हात लावत नाहीत. ते माऊसने दाबतात. आणि ते खोलीत नव्हते.”

“मग घरातली दुसरी व्यक्ती असेल.”

“घरात दुसरी व्यक्ती नाही.”

“मॅडम, परवानगी दिली गेली आहे, म्हणजे समोर कुणीतरी होतं. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?”

तिने पोलिसांच्या सायबर टेबलावरही फोन लावला. जुना क्रमांक सांगितला. तिथल्या माणसाने पानं उलटली, निदान उलटल्याचा आवाज केला.

“काही चोरीला गेलं?”

“नाही.”

“कुणी धमकी दिली?”

“नाही.”

“मग तक्रार काय लिहू, बाई? दार ठोठावलं की लगेच उघडतं, हे लिहू?”

५

शेजारच्या मानांग लुर्दिस साठीच्या; मानांग म्हणजे मोठी ताई. आईच्या शवगृहातले तिन्ही दिवस कॉफी उकळायचं काम त्यांनी केलं होतं. अरलीनने त्यांना फोन केला, जरा घरात डोकावून या म्हणून.

“डोकावले मी,” त्या म्हणाल्या. “बाहेरूनच. तुझ्या बापाने परसात खाट टाकली आहे. पाऊस आला तर आडोशाला जातो, आत जात नाही. मी विचारलं, घराचं भाडं थकलं का म्हणून. हसलासुद्धा नाही. तुझा बाप पिलो हसला नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नाही.”

अरलीनने सगळं सांगितलं. सांगताना ते मूर्खपणाचं वाटत होतं, म्हणून भराभर सांगितलं.

मानांग लुर्दिसनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भलतंच विचारलं.

“दिवाणखान्यातून निघाल्यावर तू कुठे थांबलीस?”

“मी तिथं नव्हतेच, मानांग. मी इथं होते.”

“ते ठाऊक आहे. तीन दिवस तू फोनमधून बघत होतीस, आम्ही तुला हात करत होतो. आम्ही सगळे निघताना बेकरीत थांबलो. मयताहून परतणाऱ्या माणसाने वाटेत थांबायचं असतं. चार माणसांत बसायचं, काही खायचं, अंगावर आलेलं तिथं झटकायचं आणि मग घरी जायचं. लहानपणी तुला ह्यासाठी आईस्क्रीम मिळायचं, विसरलीस?”

“नाही विसरले.”

“मग तू कुठे थांबलीस?”

अरलीनच्या टेबलावर लॅपटॉप होता, मिटलेला.

“मी तिथली खिडकी बंद केली,” ती म्हणाली, “आणि घरची उघडली.”

“सरळ?”

“सरळ.”

“मध्ये काहीच नाही? चहा? संडास तरी?”

“त्याच मिनिटाला, मानांग.”

मानांग लुर्दिसनी श्वास सोडला. “तुझ्या आईचं नाही म्हणत मी. तिला भेटायला पंधरा माणसं रोज होती. ती सुखाने गेली. पण त्या दुसऱ्या पेटीपाशी कुणीच बसलं नव्हतं. कॉफीसुद्धा मी तिकडे नेली नाही. तीन दिवस त्याच्याकडे बघणारी तू एकटी होतीस.”

६

अरलीन कॉलेज शिकलेली. असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि विश्वास नसताना करायची गोष्ट सोपी होती: प्रोग्रॅम काढून टाकायचा. तिने दुपारच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला, जोडला (एक आकडा) आणि ‘काढून टाका’ दाबलं.

पडद्यावर आलं: समोरच्या व्यक्तीची संमती हवी. वाट बघा.

लगेच खाली उमटलं: ‘नाही.’

तिने पुन्हा दाबलं. ‘नाही.’ पुन्हा. ‘नाही.’ चौथ्यांदा दाबायच्या आधी तिला कीबोर्डची कळ दाबल्याचा आवाज ऐकू आला. तिने अजून काही विचारलंच नव्हतं.

तिने वडिलांना फोन लावला. “ताताय, आत जा आणि भिंतीतला प्लग काढा. आत्ता.”

“बुधवारी काढला होता,” वडील म्हणाले.

“मग?”

“मग पुन्हा लावला.”

“का?”

कोंबडी कुठेतरी कॉक-कॉक करत गेली.

“तो डबा चालू असतो तोवर ते तिथं बसतं, इंदाय. त्याच्यासमोर. एका जागी. प्लग काढला तेव्हा खुर्ची मागे सरली. मग स्वयंपाकघरातलं स्टूल सरकलं. मग परसाच्या दाराशी खुडबुड.” ते खोकले. “माहीत असलेल्या जागी बसलेलं बरं. मी लगेच जाऊन प्लग लावला आणि म्हटलं, बस बाबा. तुझीच खुर्ची.”

“तुम्ही घर सोडा. मानांगकडे जा. आज.”

“तिच्या घरात लेकी आहेत, नातवंडं आहेत. माझ्या मागे आलं तर?”

शुक्रवारी अरलीनला एजन्सीतून फोन आला, परवाना झाला, पासपोर्ट सोमवारी मिळेल. तिने बुधवारचं विमान पकडलं.

“पाचच दिवस, ताताय. मी येते, तुम्हाला घेते आणि बेकरीत बसवते. आठ तास बसवते.”

“मग मला आठ पाव खावे लागतील,” वडील म्हणाले. फार दिवसांनी त्यांच्या आवाजात जुनी खोडी होती. “ये. तोवर मी काही खुर्चीच्या वाटेला जात नाही.”

७

रविवारी साडेआठला अरलीन प्रार्थनेला गेली. फोन मुका करून पर्समध्ये होता. साडेदहाला बाहेर येऊन बघितलं तर वडिलांचा एक फोन येऊन गेला होता, नऊ वाजून दोन मिनिटांचा. तिने लावला. वाजत राहिला. तेही चर्चला गेले असतील.

अकराला ती खोलीवर आली. घरमालकीण मुलीकडे जोहोरला गेली होती, फ्लॅट रिकामा होता. तिने गळ्यातली किल्ली काढून दार उघडलं. तिची खुर्ची टेबलापासून ओढलेली होती. सकाळी घाईत आपणच सरकवली असेल, असं म्हणून तिने ती आत लोटली आणि तिच्यावर बसली.

तिने वडिलांना पुन्हा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. तिने घरच्या कॉम्प्युटरला ‘जोडा’ दाबलं. ‘नाही’ आलं, एका आकड्यात. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. तिने अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा ‘नाही’.

मानांग लुर्दिस एका बारशाला गिंबाल गावी होत्या. “पहिल्या गाडीने निघते,” त्या म्हणाल्या. “वॉर्डाच्या रखवालदाराला घेऊन जाते. तू घाबरू नकोस.” त्यांचाच आवाज घाबरलेला होता. पोलीस ठाण्यात फोन लावला तर रविवार होता. शेजारी बघून येऊ दे, मग आम्हाला सांगा, असं उत्तर मिळालं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मानांगचा फोन आला. त्या दाराशी होत्या. समोरचं दार आतून बंद, परसाचंही आतून बंद, खाट रिकामी. रखवालदार दार ठोकत होता.

अरलीनने ‘जोडा’ दाबलं.

‘होय.’

पंखा कट् करत होता. आणि आता तिला दोन्हीकडून ऐकू येत होतं. फोनमधून रखवालदाराची दारावरची थाप बाहेरून, लॅपटॉपमधून तीच थाप आतून.

“ताताय,” ती लॅपटॉपला म्हणाली. “दार उघडा. मानांग आल्या आहेत.”

आत कुणी हललं. वेत कुरकुरला. मग अगदी कानाशी, चर्र असा बारीक आवाज झाला. चिकटपट्टी सोलल्याचा. आईने चिकटवल्यापासून काळाच असलेला कॅमेऱ्याचा चौकोन उजळला.

तिला बैठकीची खोली दिसली. मागे स्वयंपाकघराचं दार. दारात तिचे वडील जमिनीवर कुशीवर पडले होते, एका पायात चप्पल, एक हात कॉम्प्युटरच्या दिशेने लांबवलेला. डोळे उघडे होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या थोडं खाली, खुर्चीकडे बघत होते.

खुर्ची मागे सरलेली होती. तिच्यावर आईची कापसाची गादी होती, जी वडील नेहमी उचलून बाजूला ठेवायचे. खुर्चीवर कुणी नव्हतं. गादी मधोमध खोल दबलेली होती.

अरलीन बघत असताना ती दबलेली जागा हळूहळू वर आली. कुणी उठल्यावर येते तशी.

मग चौकोन पुन्हा काळा झाला.

८

दार फोडलं तेव्हा तीन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. घरात तेओफिलो पामारेस यांच्याशिवाय कुणी नव्हतं. दोन्ही दारांना आतून कड्या, खिडक्यांना गज. कॅमेऱ्यावर बँडेजची पट्टी घट्ट चिकटलेली होती, तसं पंचनाम्यात आहे. डॉक्टरने लिहिलं: मृत्यू सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान, नैसर्गिक.

अरलीन बुधवारी पोचली. शवगृहातून निघाल्यावर बेकरीत बसली. मानांग लुर्दिसनी पुढे ठेवलेला पाव तिने खाल्ला नाही, नुसता हातात धरून बसली, संध्याकाळपर्यंत.

मग ती कागद घेऊन फिरली. पोलिसांना म्हणाली, सकाळी नऊला मेलेला माणूस दुपारी तीनला परवानगी देत नाही. पोलीस म्हणाले, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल. ती कंपनीला म्हणाली, घर रिकामं होतं, हा पंचनामा बघा. कंपनी म्हणाली, आमचं घड्याळ चुकत नाही, परवानगी यंत्रासमोर हजर व्यक्तीने दिली. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. पोलिसाने आपला उचलला आणि दुसरा तिच्याकडे सरकवला. तो आमच्या अखत्यारीत नाही, म्हणाला. शिकलेसवरलेले, पगार घेणारे लोक. दोन कागद एकत्र वाचायला एकही तयार झाला नाही.

तिने संपूर्ण नोंद मागितली. घरच्या कॉम्प्युटरची नाही, तिच्या नावावरच्या दोन्ही यंत्रांची. ती एकोणीस दिवसांनी आली. तिने रविवारचं पान काढलं. दुपारची ओळ होती. अकराच्या अकरा ‘नाही’ होते. त्यांच्याही वर, सगळ्यांत पहिली, एक ओळ होती जिच्याबद्दल तिने विचारलंच नव्हतं.

सकाळी नऊ वाजून चार मिनिटं. विनंती घरच्या कॉम्प्युटरवरून अरलीनच्या लॅपटॉपला. माऊसने.

फोन उचलला गेला नाही, तेव्हा म्हातारा उठला होता. ज्या खुर्चीच्या वाटेला जाणार नाही म्हणाला होता, तिच्यापर्यंत चालत गेला होता, आणि तिने शिकवलेलं उलट दिशेचं बटण आयुष्यात पहिल्यांदा त्याने दाबलं होतं.

त्याच ओळीत पुढे लिहिलं आहे: उत्तर, ‘नाही’. एका सेकंदात. कीबोर्डवरून. यंत्रासमोर हजर व्यक्तीने.

ते यंत्र तोआ पायोतल्या चौथ्या मजल्यावर, कुलूपबंद खोलीत होतं. खोलीची एकुलती एक किल्ली त्या वेळी चर्चच्या सहाव्या बाकावर, अरलीनच्या गळ्यात होती. तिथं बसून ‘नाही’ कुणी म्हटलं, हे तिने कंपनीला तीनदा विचारलं आहे. तिन्ही पत्रांची पोच मिळाली आहे.